जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना: नवख्यांसाठी पहिल्यापासून

जुन्या गाड्या विकायला निघतात त्यांत एक प्रकार हटकून दिसतो. सांगाडा एका कोपऱ्यात, इंजिन लाकडी ओंडक्यांवर, बाकीचे भाग खोक्यांत, आणि मालक म्हणतो, "सगळं आहे, फक्त जोडायचं राहिलंय." सगळं कधीच नसतं. ज्याने ती खोलली त्याने पान्हा आधी उचलला आणि विचार मागाहून केला. या लेखातला क्रम उलटा आहे. आधी गाडीची माहिती काढायची, मग ती सुरू करायची आणि थांबवायची, आणि खोलाखोल सगळ्यांत शेवटी, तीही लागेल तेवढीच.

माहिती म्हणजे नुसती कागदपत्रं आणि दुरुस्तीचं पुस्तक नव्हे. गाडी चालवलेल्या, दुरुस्त केलेल्या, मागच्या सीटवर बसून लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसांच्या आठवणी हीसुद्धा माहितीच. बरेच हौशी लोक त्यांना निवांत गप्पांचा विषय समजतात. प्रत्यक्षात रंग, सुटे भाग आणि जुन्या दुरुस्त्यांचे कितीतरी प्रश्न त्या गप्पांतच सुटतात.

गाडी निवडताना

व्हिंटेज आणि क्लासिक हे शब्द आपण सरसकट वापरतो. ब्रिटिश हौशी मंडळींच्या वर्गवारीत मात्र व्हिंटेज म्हणजे 1919 ते 1930 मधली गाडी. त्याआधीच्या एडवर्डियन आणि व्हेटरन. लंडन ते ब्रायटन या प्रसिद्ध फेरीत तर 1905 च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच प्रवेश मिळतो. 1966 साली स्थापन झालेली फिवा ही आंतरराष्ट्रीय संघटना निदान 30 वर्षं जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी ऐतिहासिक धरते. नवख्याने पहिली गाडी 1950 ते 1980 या काळातली घ्यावी, आणि त्यातही भरपूर खपलेली.

खपलेली का, तर सुट्या भागांसाठी. फोक्सवॅगन बीटल 2003 पर्यंत बनत होती आणि एकूण आकडा 2 कोटी 15 लाखांच्या घरात गेला. मिनी 1959 ते 2000 या काळात 50 लाखांहून जास्त बनली. 1948 साली आलेली मॉरिस मायनर ही 10 लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी. अशा गाड्यांचे रबर, पॅकिंग, ब्रेकचे भाग, अगदी पत्र्याचे तुकडेसुद्धा आजही नवे बनतात आणि माहितीला माणसं भेटतात. दुर्मीळ गाडीचा मोह पहिल्या खेपेला टाळा. दुर्मीळ गाडीचा मागच्या दिव्याचा काचेचा डोळा शोधण्यात वर्षं जातात.

दुसरी गोष्ट, पूर्ण गाडी घ्या. बंद पडलेली चालेल, जॅम इंजिनाची चालेल, पण बिडिंग, काचा, दिवे, मीटर आणि दरवाजांच्या मुठी जागेवर असलेली हवी. इंजिन कुठलाही जाणता मेकॅनिक बांधून देईल. पण क्रोमची एक वाकडी पट्टी मिळवायला तशीच दुसरी गाडी शोधावी लागते. "स्वस्तात मिळाली" हे वाक्य या छंदात ऐकलं, की मी आधी गाडीत काय नाही ते बघतो.

बघायला जाताना

जुने कपडे घाला. टॉर्च, मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि एक बोथट स्क्रूड्रायव्हर बरोबर घ्या. मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर थंड इंजिन सुरू होताना काय त्रास देतं ते तुम्हाला दिसू नये, अशी व्यवस्था झालेली आहे.

लक्ष पत्र्याकडे द्या. इंजिनचा खर्च साधारण सांगता येतो. गंजाचा सांगता येत नाही, कारण तो दिसतो त्याच्या दुप्पट आत असतो. चुंबक हलक्या हाताने फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे पुट्टी आहे, म्हणजे पेंटर मंडळींची लांबी. दरवाजाखालच्या सिल, पायाखालची मॅट उचलून फ्लोअर, स्प्रिंगचे खुंट, जॅक लावायच्या जागा, बॅटरीचा ट्रे, पुढच्या काचेचे खालचे कोपरे आणि दरवाजांच्या तळाची पाणी निघायची भोकं, एवढं बघितलंच पाहिजे. दरवाजा उघडून किंचित वर उचला. बिजागरी झिजली असेल तर नुसता दरवाजा हलतो. पण बंद दरवाजाच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसत असेल, आणि गाडीला वेगळी चॅसिस नसेल, तर सिल गेल्यात आणि गाडी मधून वाकायला लागली आहे.

प्रत्येक मॉडेलचं स्वतःचं दुखणं असतं. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते, म्हणून तिथला फ्लोअर आधी सडतो. दरवाजाखालून गरम हवा नेणाऱ्या पोकळ पट्ट्याच बॉडीला बळ देतात, त्यामुळे त्या गंजल्या तर काम मोठं. मिनीत मागची सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं ज्यावर बसवलेली असतात ती चौकट, बघा. मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकाचा खालचा ट्रनियन (चाक वळताना ज्यावर फिरतं तो सांधा) ग्रीसअभावी झिजतो आणि एक दिवस निसटून चाक आडवं होतं. तिच्या ट्रॅव्हलर या स्टेशन वॅगनची मागची लाकडी चौकट शोभेची वाटते, पण मागच्या बॉडीचा भार तीच पेलते. कुजलेलं लाकूड तिथे सडलेल्या पत्र्याइतकंच गंभीर.

शेवटी चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून बघा. नंबर खोडलेला किंवा प्लेटचे रिव्हेट नवे दिसले तर तिथूनच माघारी फिरा.

आठवणी गोळा करा, तशाच तपासा

गाडी घरी आली, की पान्ह्यांच्या पेटीआधी फोनवरचा रेकॉर्डर काढा. जुन्या मालकाला, त्याच्या मुलांना, गाडीची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकला भेटा. वयस्कर मंडळी असतील तर हे काम पुढे ढकलू नका. गंजलेला पत्रा आणखी वर्षभर वाट बघेल.

"काही आठवणी सांगा ना" असं म्हटलं, की माणूस शंभरदा सांगून गुळगुळीत झालेला एखादा किस्सा सांगतो. त्याऐवजी त्यांना स्टिअरिंगमागे बसवा. इंजिन बंदच राहू दे. मग विचारा, "थंडीत सुरू कशी करायचात?" हात आपसूक चोकच्या खुंटीकडे जातो. कुणी ती पूर्ण ओढतं, कुणी अर्धी ओढून जराशी पिळतं, कारण या गाडीत ती आपोआप आत सरकायची. डावा पाय क्लचच्या शेजारी जमिनीवरचं बटण चाचपतो, कारण हेडलाइटचा डिपर तिथे असायचा. गिअर टाकायला सांगा. क्लच दोनदा दाबल्याची हालचाल पहिल्या गिअरला झाली तर नवल नाही, त्या काळच्या कितीतरी गाड्यांत पहिल्याला सिंक्रोमेश (गिअर न खडखडता जुळवणारी योजना) नसायचा. पण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना तसं झालं, तर दुसऱ्याचा सिंक्रो तेव्हाच झिजलेला असावा. गिअरबॉक्स यादीत घाला. दहा मिनिटांत पायांनी आणि हातांनी जे सांगितलं, ते बोलून कधी सांगितलं नसतं.

पुढचे प्रश्नही असेच गाडीला धरून विचारा. पावसात पाणी कुठून आत यायचं? कुठला दरवाजा आपटून लावावा लागायचा? पेट्रोलचा काटा कितीवर आला की पंप गाठायचा? गाडी नेहमी उतारावर का उभी करायचात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हसत हसत मिळतं आणि त्यातून डायनामो (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा सेल्फचं जुनं दुखणं कळतं.

फोटो मागा, आणि गाडीच्या फोटोंवर थांबू नका. कुणाच्या तरी घोळक्याच्या मागे अर्धा मडगार्ड, एक चाक, आरशाचा दांडा एवढंच दिसत असतं. चाकावरची टोपी कोणती, आरसा दरवाजावर की मडगार्डवर, बंपरला उभे खुंट आहेत का, अशा गोष्टी त्या कडेच्या तुकड्यातच सापडतात.

आता तपासणी. आठवण प्रामाणिक असली तरी चुकते. वेग तर सांगताना दर दहा वर्षांनी वाढत जातो. रंगाबद्दल घरात दोन मतं असणारच. एक म्हणणार गाडी आकाशी होती, दुसरा म्हणणार राखाडी. भांडण पत्र्यावर मिटवता येतं. न दिसणारी जागा निवडा, उदाहरणार्थ डिकीच्या झाकणाची आतली बाजू किंवा दरवाजाच्या आतल्या कार्डबोर्डमागचा भाग. तिथे नाण्याएवढ्या जागेवर 600 नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून गोल गोल, अगदी हलक्या हाताने घासा आणि कडेकडे जाताना दाब कमी करत न्या. थोड्या वेळाने वर्तुळं उमटतात. सगळ्यांत बाहेरचं वर्तुळ आत्ताचा रंग, त्याच्या आत त्याआधीचा, मग कधी राखाडी तर कधी तांबूस प्रायमर, आणि मधोमध उघडा पत्रा. आकाशी आणि राखाडी दोन्ही तिथे सापडले, तर दोघंही खरं सांगत होते आणि गाडी मधे एकदा रंगली होती, एवढंच. कुठला रंग कारखान्याचा, ते प्रायमरला चिकटलेला थर सांगतो. तोच रंग डॅशबोर्डखाली आणि मागच्या सीटखालीही मिळाला, तर शंका उरत नाही. दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा.

काही गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी शिल्लक आहेत. अनेक ब्रिटिश गाड्यांसाठी इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठे रवाना झाली असे तपशील असतात. आठवण, पत्रा आणि नोंद या तिन्हींचा मेळ बसला की तेवढी गोष्ट पक्की समजा. बसला नाही, तर काय जुळत नाही ते फायलीत लिहून पुढे जा. उत्तर कधी कधी सीटखालच्या कचऱ्यात सापडतं.

किती करायचं, ते आधी ठरवा

आहे तशी जपायची, चालती करायची, की कारखान्यातून निघाली तशी करायची? हे ठरवल्याशिवाय एक नटही सोडू नका. फिवाची ट्यूरिन चार्टर ही मार्गदर्शक सनद हस्तक्षेप कमीत कमी ठेवायला सांगते. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला 1950 पासून भरणाऱ्या जगप्रसिद्ध प्रदर्शनातही न रंगवलेल्या, न बदललेल्या गाड्यांचे वेगळे वर्ग असतात. मूळ रंग विटलेला असला तरी सलग असेल, तर तो काढू नका असं माझं स्पष्ट मत आहे. नवा रंग कधीही मारता येतो.

डॅशबोर्डवरचा सिगारेटचा डाग, दरवाजाच्या आतल्या बाजूचे कुत्र्याच्या नखांचे ओरखडे, मुलाने स्टिकर चिकटवून काढल्याची खूण यांचं काय करायचं? यादी करा आणि प्रत्येकापुढे "ठेवायचं" किंवा "काढायचं" लिहा. पेंटर आल्यावर हा विचार सुचला तर उशीर झालेला असतो. तो बिचारा आपलं काम चोख करतो.

प्रदर्शनात बक्षीस मिळवण्याच्या दर्जाची गाडी पहिल्याच खेपेला करायला जाऊ नका. चालणारी, थांबणारी, कोरडी गाडी हे पहिलं उद्दिष्ट पुरेसं आहे.

बंद इंजिन जागं करणं

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून थेट सेल्फ मारायचा मोह सगळ्यांना होतो. आवरा. आत काय चिकटलंय ते माहीत नसताना सेल्फचा झटका दिला तर रिंग तुटते, वॉल्व्ह वाकतो.

सुरुवात उंदरांपासून. एअर क्लीनर उघडा, सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा. घरटी निघतात. मग डिपस्टिक बघा. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. तसंच फिरवू नका, कारण शोधा. ऑइल काढून टाका आणि नवं भरा. पुशरॉडच्या जुन्या इंजिनांना झिंक फॉस्फरसचं प्रमाण जास्त असलेलं, खास जुन्या गाड्यांसाठीचं ऑइल मानवतं. आजच्या ऑइलांत ते प्रमाण कमी केलेलं असतं आणि कॅमशाफ्ट आणि टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग) झिजू शकतात.

प्लग काढा. प्रत्येक भोकात पातळ ऑइल थोडं थोडं सोडा आणि निदान एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना बघून क्रँक पुलीच्या नटाला रिंग पान्हा लावा आणि हाताने फिरवा. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर झटका नाही, लांब पाइप नाही आणि गाडी गिअरमध्ये टाकून ढकलणं तर मुळीच नाही. पुन्हा ऑइल, पुन्हा वाट, मग केसभर पुढे, केसभर मागे. काही इंजिनं सुटायला आठवडे घेतात. इंजिन मोकळं झालं, की रॉकर कव्हर उघडून एकाने फिरवायचं, दुसऱ्याने सगळे वॉल्व्ह वर-खाली होतात का बघायचं. एखादा चिकटलेला दिसला तर तिथेच थांबा.

प्लग न लावता सेल्फने इंजिन फिरवा, ऑइलचा दाब दिसेपर्यंत. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. आकडा किती हवा ते पुस्तकात असतं. पण सगळे सिलिंडर एकमेकांच्या साधारण 10 टक्क्यांच्या आत हवेत. एखादा कमी निघाला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात. जैसे थे राहिला तर वॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग.

आता करंट. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. पॉइंटच्या, म्हणजे प्लगला ठिणगी देण्यासाठी उघडझाप करणाऱ्या स्विचच्या, दोन टिकल्यांवर राखाडी पापुद्रा धरलेला असतो, आणि नुसत्या त्या पापुद्र्यापायी कितीतरी गाड्या "मेलेल्या" समजून विकल्या जातात. बारीक पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून टिकल्यांमध्ये सरकवा, दोन-तीनदा ओढा, मग कोऱ्या कार्डाचा तुकडा तसाच ओढून धूळ काढा. डिस्ट्रिब्युटरचा खुंट फिरवून पॉइंट पूर्ण उघडा आणि फिलर गेजने फट मोजा. बहुतेक गाड्यांत ती 0.35 ते 0.40 मिलिमीटर असते. पाती फटीत जाताना किंचित घासली पाहिजे, अडकता कामा नये. कंडेन्सर बदला, पण जुना टाकू नका. नवे कंडेन्सर कधी कधी जुन्यापेक्षा लवकर जातात.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आंबूस, वार्निशसारखा वास आला तर ते कार्बोरेटरपर्यंत जाऊच द्यायचं नाही. पहिल्या वेळी छोट्या बंद डब्यातून नव्या नळीने पेट्रोल द्या. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं, म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारच्याच घ्या. जुन्या इंजिनांच्या वॉल्व्ह सीटना पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाचं संरक्षण होतं, ते आता नाही. पण त्यासाठी आत्ताच हेड उतरवायचं कारण नाही. कधीतरी हेड उघडाल तेव्हा एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या आणि तोवर टॅपेटची फट वारंवार बघा, कारण सीट खचली की ती फट कमी होत जाते.

अग्निशामक हाताशी, गाडी मोकळ्या हवेत, मग सेल्फ. हँडल मारून सुरू करायची असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा आणि हँडल खालून वर ओढा. इंजिन उलटं फिरलं तर हँडल हातातून सुटतं, मनगट वाचतं. इंजिनने पेट घेतला की नजर ऑइलच्या दाबावर. काही सेकंदांत दाब आला नाही तर बंद. पहिला धूर भरपूर येतो, सिलिंडरमधलं ऑइल जळत असतं. तो सरल्यावरही निळा येत राहिला तर ऑइल जळतंय, काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय, गरम झाल्यावरही पांढरा आणि दमट राहिला तर पाणी आत शिरतंय.

ब्रेक आणि टायर

इथे काटकसर नाही. उभ्या गाडीचे मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर आणि रबरी होज सगळे बदला किंवा नीट बांधून घ्या. होज बाहेरून धड दिसतो पण आतून सुजून बंद झालेला असतो. मग ब्रेक लागतो तो सुटतच नाही. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. हवेने उडवू नका, ओली करून पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका. ब्रेक ऑइलचे प्रकार मिसळायचे नाहीत. डॉट 3 आणि 4 ग्लायकॉलचे, ते हवेतलं पाणी शोषतात आणि सांडले तर रंग उचलतात; डॉट 5 सिलिकॉनचं, ते त्यांच्यात मिसळत नाही. सित्रोएन डीएससारखी गाडी तर वेगळीच. सुरुवातीच्या डीएसमध्ये लाल द्रव, पुढच्यांत हिरवं खनिज तेल, आणि एकाच्या जागी दुसरं गेलं तर सगळी सील बाद.

1960 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक गाड्यांना ब्रेकची एकच लाइन असायची. ती फुटली की चारही चाकं गेली. म्हणून हँडब्रेक नुसता उतारावर धरणारा नको, चालती गाडी थांबवणारा हवा.

टायरचं वय बघा, नक्षी नको. बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. 3519 म्हणजे 2019 चा 35 वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 सालाआधीचा, म्हणजे तो फक्त गाडी अंगणात सरकवण्यापुरता. क्रॉसप्लाय (जुन्या बांधणीचे) आणि रेडियल (नव्या बांधणीचे) टायर एकाच गाडीत एकत्र लावू नका.

वायरिंग

बॅटरी काढून मगच हात घाला, आणि जोडताना आधी बघा की बॉडीला कुठलं टोक आहे. 1960 च्या दशकात बऱ्याच उशिरापर्यंत कितीतरी ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेलं असायचं. वायरच्या रंगावर आंधळा विश्वास नको. ब्रिटिश गाडीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीचा थेट करंट, किल्ली बंद असली तरी जिवंत. जर्मन गाडीत तपकिरी म्हणजे अर्थिंग, बॉडीला जोडलेली वायर. मिनीवर हात बसलेल्याने बीटलमध्ये हे विसरलं तर ठिणगी ठरलेली. शिवाय त्या काळच्या अनेक गाड्यांत फ्यूज मोजून दोन. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा आणि गाडी उभी करताना तो काढायची सवय लावा.

आता खोला

एका वेळी एकच भाग खोला. पुढचे ब्रेक संपल्याशिवाय मागचे नाहीत. प्रत्येक भाग काढण्याआधी तीन फोटो: लांबून, जवळून, आणि बोट दाखवून. नट-बोल्ट, वायसर एकाच पिशवीत, आणि पिशवीवर "बोल्ट 4" असलं काही लिहू नका. "डायनामोचा खालचा पट्टा, लांब बोल्ट रेडिएटरच्या बाजूला" असं लिहा. दोन वर्षांनी वाचणारा माणूस वेगळाच असतो, जरी तो तुम्हीच असलात.

आट्यांची भानगड ब्रिटिश गाड्यांत खास आहे. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये मांडलेल्या पद्धतीत आट्यांचा कोन 55 अंश. नंतरच्या युनिफाइड आणि मेट्रिक आट्यांचा 60. दिसायला सारखे, हाताने दोन फेरे फिरतातही, मग पान्हा लावून आवळलं की आटे जातात. एमजीच्या टी मालिकेतल्या एक्सपीएजी इंजिनाने तर कमाल केली आहे: आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ पान्ह्याची. म्हणून बोल्ट हरवला तर "असाच दिसणारा" नको. आटे मोजायचं गेज घ्या आणि मापून आणा.

गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना जीएल-4 की जीएल-5 (गिअर ऑइलचे दोन दर्जे) ते पुस्तकात बघा. काही जीएल-5 ऑइल पितळी सिंक्रो रिंगांना झिजवतात.

पत्रा आणि रंग

सिल कापायच्या असतील तर गाडी सपाट आणि तिच्या नेहमीच्या आधारांवर हवी, दरवाजे लावलेले हवेत आणि दरवाजाच्या चौकटीत आडवा दांडा वेल्ड केलेला हवा. नाहीतर जुनी सिल कापली की बॉडी हळूच बसते आणि नवी सिल त्या वाकड्या मापात पक्की होते. एका बाजूची पूर्ण झाल्यावरच दुसरीकडे वळा. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी बाहेर. वाळूचा मारा चॅसिस आणि चाकांसाठी ठीक. बोनेट-दरवाजांच्या सपाट पत्र्यावर नको, तो तापून लहरी धरतो. काम झाल्यावर पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स मारा आणि पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना ते तारेने बघा.

साध्या प्रायमरवर गाडी महिनोन्महिने उघड्यावर ठेवू नका. तो ओल धरतो आणि आतून गंज सुरू होतो. रंगाचं काम स्वतः करायची हौस असेल तर हे जाणून घ्या, की हार्डनर मिसळायच्या टू-पॅक रंगांत आयसोसायनेट असतात आणि त्यांचा फवारा फुप्फुसांना कायमची इजा करू शकतो. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, साधा फिल्टरचा पुरत नाही. घासणं, पुट्टी, जुळवाजुळव घरी करा. शेवटचा फवारा बूथ असलेल्या माणसाकडे द्या.

आतल्या सीट उसवताना जुन्या कापडाचा किंवा रेग्झिनचा हातभर तुकडा जपून ठेवा. शिवणीतलं अंतर आणि धाग्याची जाडी कारागिराला त्यावरूनच कळते.

इतर हौशी लोकांत

मेळाव्यात दुसऱ्याच्या बोनेटला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. "हा आरसा या मॉडेलचा नाही" हे खरं असलं तरी मालकाने विचारलं तरच सांगा. तो आरसा कदाचित त्याच्या वडिलांनी बसवलेला असेल. जुन्या मेकॅनिकच्या शेजारी बसायला मिळालं तर प्रश्न कमी विचारा आणि तो इंजिन ऐकताना कुठे वाकतो ते बघा. कुणी पुस्तक किंवा खास पान्हा उसना दिला तर पुसून, ठरलेल्या दिवशी परत करा; या वर्तुळात पुढची मदत त्यावरच ठरते. आणि आपल्या फायलीच्या प्रती वाटा. तुमच्याकडचा एखादा अंधुक फोटो दुसऱ्याच्या बंपरचा प्रश्न सोडवतो.

पहिली फेरी

रिकाम्या रस्त्यावर, दिवसा, घराच्या जवळ. आधी पन्नास पावलं आणि ब्रेक, मग एक चक्कर, मग थांबून चारही चाकांच्या मधोमध हात लावून बघा. एक जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. चाकांचे नट पुन्हा आवळा. खाली कोरा पुठ्ठा सरकवून रात्रभर ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय आणि तो ऑइलचा, पाण्याचा की ब्रेक ऑइलचा, ते बघून वही उघडा.

हेड उतरवलं असेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे 500-800 किलोमीटरनंतर त्याचे नट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्ह्याने पुन्हा तपासा आणि लगेच टॅपेटची फट मोजा, कारण हेड बसलं की ती बदलते. त्याच वेळी पहिलं ऑइल काढा, पसरट भांड्यात घेऊन उन्हात धरा आणि चुंबक फिरवा. काळपट गाळ चालेल. चुंबकाला कण चिकटले तर लोखंड झिजतंय, सोनेरी-तांबूस चमक दिसली तर बेअरिंग. दोन्हीपैकी काही दिसलं तर पुढच्या फेरीआधी सम्प (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवा.